मुक्त प्रकल्पांची बोधचिन्हे आणि देवनागरीची एक वेलांटी

प्रस्तावना

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या गोदामांत साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. प्रत्येक पोत्यावर कारखान्याचे नाव, हंगामाचे वर्ष, साखरेची प्रत आणि वजन छापलेले असते. ही छपाई बहुधा एकाच रंगात, खरखरीत पृष्ठभागावर आणि घाईने झालेली असते. तरीही व्यापारी ती दुरून ओळखतो आणि तिच्यावर विसंबून माल उचलतो. बोधचिन्ह म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर अनेक पाठ्यपुस्तकांपेक्षा या पोत्यावर अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळते. चिन्ह सुंदर असावे ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु ते प्रतिकूल परिस्थितीत टिकले पाहिजे, ओळखता आले पाहिजे आणि त्यामागे कोणीतरी जबाबदार उभा आहे याची खात्री त्याने दिली पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय मुक्तस्रोत संगणक-आज्ञावलींच्या आणि त्याच तत्त्वावर उभ्या असलेल्या ज्ञानप्रकल्पांच्या बोधचिन्हांचे समीक्षण हा आहे. हा विषय संगणकशास्त्र विभागाचा किंवा उपयोजित कलेच्या महाविद्यालयांचा आहे, भाषा-साहित्याच्या अध्यापकांचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर एका वेलांटीत आहे. जगातील सर्वाधिक परिचित मुक्त प्रकल्पांपैकी एकाच्या बोधचिन्हात देवनागरीचे एक अक्षर जवळजवळ सात वर्षे चुकीचे लिहिलेले होते. ज्या प्रकल्पातील प्रत्येक ओळ कोणालाही दुरुस्त करता येते, त्या प्रकल्पाच्या कपाळावरील अक्षर मात्र कोणाला सहजी दुरुस्त करता आले नाही. हे कसे घडले, आणि त्यातून देवनागरी लिहिणाऱ्या समाजाने काय घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

मुक्तस्रोत आणि सहकार

मुक्त आज्ञावलीची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून सुरू झाली असे मानले जाते. आज्ञावली वापरण्याचे, तिचा अभ्यास करण्याचे, तिच्यात बदल करण्याचे आणि ती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला असावे, हे या चळवळीचे सूत्र होय. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा पुढे १९९८ मध्ये रूढ झाली. दोन्ही संज्ञांमागील वैचारिक भूमिकांत फरक आहे. मात्र प्रस्तुत चर्चेपुरता तो बाजूला ठेवता येईल.

सहकाराची परंपरा असलेल्या भागातील वाचकाला हे सूत्र परके वाटू नये. शिवनगरचा माळेगाव, सोमेश्वरनगरचा सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती हे कारखाने सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिले. सभासदाचे भाग किती आहेत याला मतदानात महत्त्व नसते; प्रत्येकाला एकच मत असते. अनेकांनी थोडे थोडे घालून उभे केलेले आणि कोणा एकाचे नसलेले असे काही, ही कल्पना येथील शेतकऱ्याने आज्ञावलीच्या आधी उसातून अनुभवली आहे. साम्य अर्थातच मर्यादित आहे. साखर एकाने खाल्ली की ती दुसऱ्याला उरत नाही. आज्ञावली मात्र हजारांनी वापरली तरी कमी होत नाही. म्हणूनच आज्ञावलीच्या बाबतीत मालकीचा प्रश्न सैल सोडता येतो.

परंतु नावाचा आणि खुणेचा प्रश्न सैल सोडता येत नाही. सभासदाला ऊस घालण्याचा आणि मत देण्याचा अधिकार आहे, म्हणून त्याने स्वतःच्या गुऱ्हाळातील गुळावर कारखान्याचा शिक्का मारावा असे कोणी म्हणणार नाही. आज्ञावलीचेही तसेच आहे. मूळ आज्ञावली बदलून, तिच्यात घातक भाग घालून, ती जुन्याच नावाने आणि जुन्याच चिन्हाने वितरित केली गेली तर फसवणूक वापरकर्त्याची होते. त्यामुळे आज्ञावलीचा परवाना मुक्त असला तरी चिन्हावर राखण ठेवावी लागते. कायद्यातही या दोन स्वतंत्र बाबी आहेत. भारतात पहिली बाब प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या आणि दुसरी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कक्षेत येते. मुक्त प्रकल्पाच्या बोधचिन्हाची सारी गुंतागुंत या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

पेंग्विन आणि भोवरा

या मधल्या जागेत वेगवेगळ्या प्रकल्पांनी वेगवेगळे मार्ग काढले. लिनक्सचा पेंग्विन हे त्यांतील सर्वात मोकळे उदाहरण होय. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांना पेंग्विनची कल्पना आवडली होती. १९९६ मध्ये लॅरी युइंग यांनी ‘गिंप’ या मुक्त चित्र-आज्ञावलीच्या साहाय्याने तो रेखाटला. आपला आणि गिंपचा उल्लेख व्हावा एवढ्याच माफक अपेक्षेवर त्यांनी तो कोणालाही वापरू आणि बदलू दिला. परिणामी या पेंग्विनची असंख्य रूपे झाली. कोणी त्याला फेटा बांधला, कोणी त्याच्या हाती ध्वज दिला, तरी तो ओळखू येतच राहिला. विशेष म्हणजे लिनक्सच्या बोधचिन्हासाठी झालेल्या स्पर्धांपैकी एकीतही हा पेंग्विन विजयी ठरला नव्हता. स्पर्धेतील विजेती चित्रे आज कोणाला आठवत नाहीत. पराभूत पेंग्विन मात्र सर्वत्र आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेपेक्षा वापराची कसोटी मोठी असते, हा यातील पहिला धडा.

समीक्षेच्या अंगाने पाहिले तर या पेंग्विनमध्ये रूढ अर्थाने बोधचिन्हाचे गुण कमीच आहेत. त्यात छटा आहेत, चकाकी आहे. एका रंगात छापताना त्याचे पुष्कळ काही हरवते. पोत्यावर तो नीट उमटणार नाही. तरीही तो टिकला, कारण त्याची बाह्याकृती पक्की आहे आणि त्याला पुन्हा पुन्हा नव्याने काढण्याची मुभा आहे. चित्रातील उणीव परवान्याच्या मोकळेपणाने भरून काढली.

डेबियन या प्रकल्पाने दुसरा मार्ग धरला. १९९९ मध्ये राउल सिल्व्हा यांनी केलेला लाल भोवरा त्यांनी स्वीकारला आणि चिन्हाची दोन रूपे केली. नुसता भोवरा सर्वांच्या वापरासाठी मोकळा ठेवला, तर बाटलीतून निघणाऱ्या भोवऱ्याचे रूप अधिकृत कामापुरते राखून ठेवले. घरच्या गणपतीची आणि देवळातल्या गणपतीची मूर्ती वेगळी असते, तशी ही योजना होती. व्यवहारात लोकांनी मोकळा भोवराच उचलला आणि राखलेली बाटली विस्मरणात गेली. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यासारखी ही आकृती एका रंगात, लहान आकारात, भरतकामातसुद्धा टिकते. येथे परवाना आणि आकृती यांचा मेळ बसलेला दिसतो.

या दोन दृष्टिकोनांचा संघर्ष २००६ मध्ये उघड झाला. फायरफॉक्स या न्याहाळकाची आज्ञावली मुक्त होती, परंतु त्याचे चिन्ह मुक्त परवान्याखाली नव्हते. मुक्त नसलेले काहीही न स्वीकारण्याचे धोरण असलेल्या डेबियनने ते चिन्ह वगळले. चिन्ह नाही तर नावही वापरता येणार नाही, अशी भूमिका मोझिलाने घेतली. अखेरीस तोच न्याहाळक डेबियनवर ‘आइसवीझल’ या निराळ्या नावाने आणि निराळ्या चिन्हाने वावरू लागला. हा तिढा सुटावयास २०१६ साल उजाडले. या प्रसंगात कोणताही पक्ष सर्वस्वी चूक नव्हता. एकाला वापरकर्त्याची फसवणूक टाळायची होती आणि दुसऱ्याला स्वातंत्र्याची व्याख्या निर्दोष ठेवायची होती. परंतु दोन मुक्त प्रकल्प दहा वर्षे एका चित्रावरून वेगळे राहिले, ही गोष्ट चिन्हाचे बळ दाखविण्यास पुरेशी आहे.

चुकलेला ‘वि’

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. विकिपीडिया ही स्वतः आज्ञावली नव्हे. ती ‘मीडियाविकी’ या मुक्त आज्ञावलीवर चालणारा ज्ञानकोश आहे. मात्र त्याच्या कार्यपद्धतीचे मूळ मुक्तस्रोताच्या विचारात आहे. २००३ मध्ये बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा झाली. पॉल स्टॅन्सिफर या तरुण सदस्याने मांडलेली अपूर्ण गोलाची कल्पना निवडली गेली आणि डेव्हिड फ्रीडलँड यांनी तिला सुधारित रूप दिले. चित्रकोड्याच्या तुकड्यांनी जोडलेला पृथ्वीसारखा गोल, प्रत्येक तुकड्यावर निराळ्या लिपीतील एक अक्षर आणि वरचे काही तुकडे अद्याप बसायचे राहिलेले, अशी ही रचना आहे. ज्ञान अनेकांच्या हातांनी जोडले जाते, ते सर्व भाषांचे आहे आणि ते कधीही पूर्ण होत नाही, हे तिन्ही अर्थ एका आकृतीत आले आहेत. कल्पनेच्या पातळीवर या चिन्हाच्या तोडीची उदाहरणे थोडी आहेत.

त्याच वर्षी, १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. गोलावरील देवनागरी तुकड्यावर ‘वि’ हे अक्षर अपेक्षित होते. परंतु तेथे ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे गेली होती. ज्या अक्षरावर छत्र धरायचे त्यालाच ती पाठ दाखवून उभी होती. जपानी अक्षराच्या बाबतीतही चूक झाली होती. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या चुकांवर बातमी दिली. तरीही चिन्ह बदलले ते २०१० मध्ये, संपूर्ण गोल त्रिमितीय पद्धतीने नव्याने घडविण्यात आला तेव्हाच. त्या वेळी देवनागरी ‘वि’ योग्य झाला, जपानी अक्षर सुधारले आणि पूर्वी एका तुकड्यावर असलेले ‘क्लिंगॉन’ या काल्पनिक भाषेचे अक्षर जाऊन तेथे इथिओपियाच्या लिपीतील अक्षर आले.

हा शेवटचा तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. २००३च्या गोलावर चित्रपटातील परग्रहवासीयांच्या भाषेला जागा होती, परंतु आफ्रिकेतील एका प्राचीन आणि जिवंत लिपीला नव्हती. आणि कोट्यवधी लोक लिहितात त्या देवनागरीला जागा होती, परंतु ती चुकीच्या रूपात. यामागे तुच्छता होती असे म्हणता येणार नाही. उत्साह होता आणि सर्वसमावेशकतेची प्रामाणिक इच्छाही होती. मात्र ज्यांची लिपी वापरली जात आहे त्यांना एकदा विचारावे, ही पायरी गळून पडली. पाहुण्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत आवर्जून छापावे आणि तेच चुकवावे, असा हा प्रकार होय.

चूक झाली कशी, टिकली का?

चुकीचे स्वरूप पाहता तिचे तांत्रिक कारण ओळखणे अवघड नाही. ‘वि’चा उच्चार करताना आधी ‘व्’ आणि मग ‘इ’ येतो. लिहिताना मात्र वेलांटी आधी, डावीकडे काढली जाते. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे आधी ‘व’ आणि नंतर वेलांटी. पडद्यावर किंवा कागदावर दाखवताना वेलांटी डावीकडे नेऊन बसविण्याचे काम आज्ञावलीने करायचे असते. ज्या चित्र-आज्ञावलीला हा नियम ठाऊक नाही, ती साठवणुकीचा क्रमच चित्रात उतरवते. आजही काही आज्ञावलींत मराठी मजकूर चिकटवल्यावर ‘शिक्षण’ शब्दातील वेलांटी ‘क्ष’कडे सरकलेली दिसते आणि तसेच फलक छापूनही येतात. ज्याने ब्रशने पाटी रंगवली आहे अशा पेंटरच्या हातून ही चूक कधीही होत नाही, कारण त्याचा हात अक्षर जाणतो. यंत्र केवळ क्रम जाणते.

चूक झाली हे समजण्यासारखे आहे. ती टिकली याची कारणे अधिक महत्त्वाची आहेत, आणि तीन कारणे प्रमुख दिसतात.

पहिले कारण चित्राच्या स्वरूपाचे. विकिपीडियाचा मजकूर ज्या अर्थाने खुला आहे, त्या अर्थाने २००३चे चित्र खुले नव्हते. मजकुरात वेलांटी चुकली तर संपादनाची कळ दाबून ती सुधारता येते. चित्रात मात्र अक्षर, छाया आणि गोलाचा वक्रपणा हे सर्व एकजीव झालेले असते. एक अक्षर बदलण्यासाठी चित्र घडविण्याची मूळ सामग्री हाती असावी लागते. मुक्त आज्ञावलीत ‘स्रोत’ या शब्दाला जे स्थान आहे तेच चित्रातही असावयास हवे होते. रेषा गणिती रूपात साठवणाऱ्या ‘एसव्हीजी’ या खुल्या स्वरूपाला २००१ मध्येच मान्यता मिळालेली होती. पण आज्ञावलीला लावलेली शिस्त चित्राला लावण्याची सवय तेव्हा रुळलेली नव्हती.

दुसरे कारण अधिकाराचे. बोधचिन्हाचा प्रताधिकार विकिमीडिया फाउंडेशनकडे होता. लेख सर्वांचे आणि चिन्ह संस्थेचे, अशी ही विभागणी होती. फसवणूक टाळण्यासाठी राखण आवश्यक असते हे वर मान्य केलेच आहे. परंतु चिन्हाचा गैरवापर रोखणे आणि चिन्हातील चूक सुधारण्याची वाट बंद होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे २०१४ मध्ये फाउंडेशनने ही चिन्हे मुक्त परवान्याखाली आणली आणि व्यापारचिन्हाचे संरक्षण मात्र कायम ठेवले. चित्र मोकळे आणि खूण राखलेली, ही व्यवस्था शक्य आहे, हे यावरून सिद्ध झाले. ती आरंभापासून असती तर दुरुस्तीचा मसुदा कोणीही सादर करू शकला असता.

तिसरे कारण आपल्याकडचे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. चुकीच्या देवनागरीची आपल्याला सवय झालेली होती. एका फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे व्हायची, जोडाक्षरे तुटायची, रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर बसायचा. निमंत्रणपत्रिका, प्रश्नपत्रिका, महाविद्यालयांची नियतकालिके यांतून अशी अक्षरे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आणि ‘संगणकात तसेच येते’ असे म्हणून पुढे गेलो. जे घरात खपवून घेतले त्याबद्दल बाहेरच्यांकडे तक्रार करण्याचा नैतिक आधार आपोआप दुबळा होतो.

रुपया आणि चष्मा

देवनागरीच्या अंगाने दोन भारतीय उदाहरणांची तुलना येथे उपयुक्त ठरेल. ती मुक्त आज्ञावलींची नाहीत, पण दोन्ही खुल्या आवाहनातून आली आहेत. केंद्र शासनाने २००९ मध्ये घेतलेल्या स्पर्धेतून मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राशी संबंधित डी. उदयकुमार यांचे रुपयाचे चिन्ह निवडले गेले आणि १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारण्यात आले. देवनागरी ‘र’ आणि उभ्या दांड्याशिवायचा रोमन ‘आर’ यांचा त्यात संयोग आहे. वरची रेघ शिरोरेखेची आठवण देते. हाताने दोन-तीन फटकाऱ्यांत काढता येते, किराणा दुकानाच्या पाटीवर खडूने लिहिता येते आणि एका रंगात काहीही हरवत नाही. पोत्याची कसोटी हे चिन्ह निर्विवाद उतरते.

मात्र लोकांच्या हाती ते लगेच आले नाही. सुरुवातीला दुसऱ्याच एखाद्या अक्षराच्या जागी हे चिन्ह बसविणारे फाँट फिरत होते. तो फाँट नसलेल्या संगणकावर रकमेपुढे भलतेच चिन्ह उमटे. जुन्या मराठी फाँटांचा रोगच येथे पुन्हा दिसला. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, तेव्हा ते चित्र न राहता खऱ्या अर्थाने अक्षर झाले. चिन्हाची सार्वत्रिकता त्याच्या आकृतीइतकीच त्यामागील खुल्या मानकावर अवलंबून असते, हा यातील दुसरा धडा.

दुसरे उदाहरण २०१४च्या स्वच्छ भारत अभियानाचे. खुल्या आवाहनातून आलेले हे बोधचिन्ह कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी केले. गांधीजींचा चष्मा, एका भिंगावर ‘स्वच्छ’ आणि दुसऱ्यावर ‘भारत’. एवढ्या मितव्ययी रेषांत व्यक्ती, विचार आणि आवाहन तिन्ही उभे राहते. येथे देवनागरी केवळ नामोल्लेखासाठी आलेली नाही. ती चित्राचा अवयव आहे. ‘च्छ’ हे जोडाक्षर भिंगाच्या गोलात सुस्थितीत बसते, कारण रेखाटणाऱ्याला ते परके नव्हते.

दोन्ही उदाहरणांत फलित चांगले आहे. तरीही स्पर्धा या पद्धतीविषयी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. स्पर्धेत एकाची कृती निवडली जाते आणि उरलेल्या शेकडो, हजारो जणांचे श्रम विनामूल्य वाया जातात. शिवाय निवडीनंतर सुधारणेला वाव उरत नाही. मुक्तस्रोताची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तेथे पहिला मसुदा कच्चा असतो, त्यावर चर्चा होते, अनेक हात फिरतात आणि प्रत्येकाच्या कामाची नोंद राहते. आज्ञावली या पद्धतीने घडवायची आणि तिचे चिन्ह मात्र लॉटरीच्या सोडतीसारखे निवडायचे, यात विसंगती आहे. विकिपीडियाच्या ‘वि’ला मत देणारे पुष्कळ होते, तो वाचून पाहणारा एखादा पुरेसा होता.

देवनागरी चिन्हाचे निकष

या विवेचनातून काही निकष हाती येतात. पहिला निकष सरळ आहे. चिन्ह एका रंगात आणि बोटाच्या पेराएवढ्या आकारात ओळखता आले पाहिजे. आपल्या शैक्षणिक संस्थांची बहुतेक मानचिन्हे या कसोटीला उतरत नाहीत. दिवा, उघडे पुस्तक, उगवता सूर्य, दातेरी चाक, कमळ आणि खाली संस्कृत वचन, एवढे सारे एका वर्तुळात बसविण्याचा आपला आग्रह असतो. प्रत्येक घटकामागे सदिच्छा आहे, पण लेटरहेडवर त्यांचा एकत्रित परिणाम शाईच्या डागासारखा होतो.

दुसरा निकष अक्षराचा. देवनागरी ही अनेक भाषांची लिपी आहे, पण प्रत्येक भाषेची तिच्यात स्वतःची वळणे आहेत. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयातही या वळणांची दखल आहे. अनेक संगणकीय फाँट मात्र हिंदीत प्रचलित असलेले वळण आधी देतात. त्याहून महत्त्वाचा मराठीचा ‘ऱ्य’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत पंक्तीला बसणारे आणि वाढणारे इतके अंतर आहे, आणि ते सारे एका अर्ध्या ‘र’वर उभे आहे. बोधचिन्हात मराठी शब्द योजताना फाँट मराठीची ही रूपे देतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

सुदैवाने साधनांची उणीव आता राहिलेली नाही. ज्यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडविला त्या प्रा. र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हा फाँटही तयार केला आणि तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. सुलेखनाची परंपरा आणि संगणक यांच्यात त्यांनी बांधलेला पूल मात्र टिकून आहे. रेड हॅटने मुक्त केलेल्या ‘लोहित’ फाँटांनी लिनक्सवर भारतीय लिप्यांना घर मिळवून दिले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फाँट खुल्या परवान्याखाली आहेत. यांतील ‘मोदक’ मुद्दाम पाहावा. अक्षरांचे पोट इतके भरलेले की आतील पोकळी केवळ एका रेघेएवढी उरते, तरीही प्रत्येक अक्षर वाचता येते. रोमन अक्षरांची देवनागरी नक्कल करून ही आकृती मिळाली नसती. ती या लिपीच्या अंगातूनच आलेली आहे.

तिसरा निकष स्रोताचा. प्रकल्प मुक्त असेल तर त्याच्या चिन्हाची रेषारूप मूळ प्रत, वापरलेल्या फाँटचे नाव आणि रंगांचे तपशील आज्ञावलीसोबतच ठेवले जावेत. विकिपीडियाने २०१० मध्ये नाव लिहिण्यासाठी ‘होफ्लर टेक्स्ट’ हा व्यावसायिक फाँट सोडून ‘लिनक्स लिबर्टीन’ हा मुक्त फाँट स्वीकारला. हा बदल सामान्य वाचकाच्या लक्षातही आला नसेल. परंतु ज्या तत्त्वावर घर उभे आहे त्याच तत्त्वाची दाराला पाटी असावी, हा विचार त्यामागे दिसतो.

चौथा निकष विचारण्याचा. ज्या लिपीचा, ज्या समाजाच्या प्रतीकाचा उपयोग करायचा, त्या समाजातील वाचकाला अंतिम निर्णयापूर्वी ते दाखवावे. हा नियम केवळ पाश्चात्त्यांना लागू नाही. आपण कन्नड, उर्दू किंवा मोडी अक्षरे शोभेसाठी वापरतो तेव्हा तोच नियम आपल्यालाही लागू होतो.

समारोप

एका वेलांटीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणता येईल. गोलावरील ते अक्षर इतके लहान होते की बहुतेकांच्या ते नजरेतही आले नसेल. परंतु आकार हा येथे प्रश्नच नाही. ज्ञान सर्वांचे आहे असे सांगणाऱ्या चिन्हात एखाद्या लिपीला स्थान दिले जाते, तेव्हा ती लिपी लिहिणाऱ्यांना ‘तुम्हीही यात आहात’ असे वचन दिले जाते. अक्षर चुकले की ते वचन शोभेचे ठरते. आज मराठी विकिपीडियाच्या बोधचिन्हात गोलावरील ‘वि’ आणि त्याखालील ‘विकिपीडिया’ या शब्दातील ‘वि’ एकमेकांशी जुळतात. हे साधायला सात वर्षे लागली, ही खंत आहे; पण ते साधले, हे मुक्त पद्धतीच्या बाजूचेही प्रमाण आहे. बंदिस्त व्यवस्थेत चूक कदाचित चर्चेलाही आली नसती.

अक्षराच्या बाबतीतली दक्षता या भूमीला नवीन नाही. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) आयुष्य बारामतीत गेले. त्यांनी रचलेल्या अष्टोत्तरशत रामायणांत ओष्ठ्य वर्ण टाळून लिहिलेले ‘निरोष्ठ रामायण’ही आहे. एका वर्गातील मोजकी अक्षरे न येऊ देता संपूर्ण कथा सांगायची, म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिण्याआधी तपासून पाहायचे. पंतांच्या या अक्षरसाधनेला काही समीक्षकांनी कसरत म्हटले आहे आणि त्या मतात तथ्यही असेल. परंतु अक्षर गृहीत धरायचे नसते, ही त्यातील शिस्त आज संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हवी आहे. मराठी विभागातील अध्यापक आणि संगणकशास्त्र विभागातील अध्यापक यांनी एखाद्या लहानशा मुक्त आज्ञावलीचे देवनागरी बोधचिन्ह विद्यार्थ्यांकडून एकत्रितपणे करून घेतले, तर दोन्ही विभागांच्या भिंती थोड्या खाली येतील. ते चिन्ह आधी साखरेच्या पोत्यावर उमटवून पाहावे, आणि नंतर ज्याला वाचता येते अशा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे.